शब्द हवा आहे: अ‍ॅपोसेमॅटिक

एडवर्ड पोल्टन यांच्यावर लिहितोय. जन्म १८५६, रेडिंग. १८९३ ते १९३३ ऑक्सफर्डला प्राणिशास्त्राच्या 'होप' अध्यासनाचे प्राध्यापक. प्राण्यांच्या रंगांवरच्या १८९० च्या पुस्तकात त्यांनी शत्रूला 'दूर राहा' असं बजावणाऱ्या रंगांसाठी 'अ‍ॅपोसेमॅटिक' हा शब्द घडवला आणि त्याला मराठी शब्द शोधताना माझी गाडी अडली आहे. 'भडक रंग' चालेल का?

— नाही चालणार. मोराचा पिसाराही भडकच, पण तो लांडोरीसाठी. पोल्टन यांनी असे रंग वेगळ्या खणात ठेवले होते. मुळात कोडं डार्विनला पडलं होतं: अळीला जोडीदार शोधायचा नसतो, मग काही अळ्या इतक्या नटलेल्या का? १८६७ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसनी उत्तर सुचवलं, की 'मी बेचव आहे' हे पक्ष्यांना लांबूनच कळावं म्हणून. सिनाबार पतंगाची अळी पाहा. अंगभर काळे-पिवळे पट्टे, विषारी झाडाचा पाला खाऊन स्वतःही विषारी, आणि उघड्यावर बिनधास्त चरते. दुरूनच नमस्कार करावा अशी.

— 'सूचक रंग' कसा वाटतो?

— फार ऐसपैस. ग्रीकमध्ये 'सेमा' म्हणजे खूण आणि 'अ‍ॅपो' म्हणजे दूर. तो 'दूर' तुमच्या शब्दातून निसटला. पळणाऱ्या सशाची पांढरी शेपटीही सूचकच की! पण ती आपल्याच भाईबंदांना वाट दाखवते असं मानून पोल्टन यांनी तिला 'एपिसेमॅटिक' म्हटलं. मी 'इशारारंग' वापरते. आपल्याकडे 'इशारा दिला' म्हटलं की त्यात दम असतोच, 'दूर' वेगळं सांगावं लागत नाही. (हिंदीतला 'इशारा' नुसता खुणेचा, तो इथे आणू नका.)

— पटलं. पण मग फुलांवर तरंगणारी ती माशी? पट्टे हुबेहूब गांधीलमाशीचे, पण नांगी नाही. नीट पाहिलं तर पंखही चारऐवजी दोनच.

— ते सोंग. पोल्टन यांनी त्यालाही 'खोटा' हा उपसर्ग जोडून लांबलचक ग्रीक नाव दिलं होतं. मी सरळ 'उसना इशारारंग' म्हणेन. 'खोटा' नको, रंग खराच असतो, धमकी पोकळ असते.

— 'उसना' झकास. विशेषण मात्र अजून अडतंय. 'इशारारंगी अळी' कानाला बरं वाटतं का?

— 'बहुरंगी' चालतं, तर हेही चालेल. लिहून टाका.