‘कामगिरी’ कशी मोजावी? मनुष्यबळ आणि वित्त यांच्या सीमेवरील प्रबंध

प्रश्न
नमस्कार. कर्मचाऱ्यांना मिळणारे प्रशिक्षण आणि संस्थेची कामगिरी यांचा संबंध हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. एकाच संस्थेच्या १२ शाखांमधील ३४० कर्मचाऱ्यांकडून मी प्रश्नावली भरून घेतली आहे. आराखड्याच्या सादरीकरणात मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या परीक्षकांना विषय पटला. वित्त विषयाच्या परीक्षकांनी मात्र ‘यात कामगिरी कुठे आहे?’ असे विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही. एकाच विद्याशाखेची वाट धरावी, की दोन्हींना मान्य होईल असा मार्ग आहे?

उत्तर १
परीक्षकांचा प्रश्न रास्त आहे. कामगिरी म्हटले की वित्ताच्या अभ्यासकाला समभागावरील परतावा आठवतो, लेखाशास्त्राच्या अभ्यासकाला मालमत्तेवरील परताव्याचे प्रमाण, विपणनाच्या अभ्यासकाला टिकून राहिलेला ग्राहक, तर मनुष्यबळाच्या अभ्यासकाला वरिष्ठांनी केलेले मूल्यांकन. हे आकडे एकाच वर्षी वेगवेगळ्या दिशांना जाऊ शकतात. प्रशिक्षणावरील रक्कम हिशेबात मालमत्ता म्हणून नव्हे, तर त्याच वर्षीचा खर्च म्हणून नोंदली जाते. त्यामुळे ज्या वर्षी माणसे घडवली जातात, त्याच वर्षी नफा घटलेला दिसू शकतो. म्हणून पूर्वीच्या संशोधनाचा आढावा घेताना शीर्षकावर विसंबू नका. प्रत्येक लेखातील मोजमापाचा भाग उघडा आणि तिथे नेमके काय मोजले आहे ते टिपून ठेवा. मी हे उशिरा केले आणि आढाव्याचे अख्खे प्रकरण पुन्हा लिहावे लागले.

उत्तर २
मला अधिक काळजी वाटते ती प्रश्नावलीची. ‘मला पुरेसे प्रशिक्षण मिळते’ आणि ‘माझ्या शाखेचे काम उत्तम चालते’ ही दोन्ही विधाने एकाच व्यक्तीपुढे एकाच बैठकीत ठेवली असतील, तर त्यांतील सहसंबंध बराचसा त्या व्यक्तीच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीचा असू शकतो. भरलेले कागद हातात घेऊन पाहा. काहींवर ‘सहमत’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एका रेषेत खुणा उतरलेल्या असतील आणि मध्ये मुद्दाम घातलेल्या उलट अर्थाच्या विधानापुढेही तीच खूण असेल. हार्मन यांची एक-घटक चाचणी (सगळ्या उत्तरांमागे एकच समान घटक दडला आहे का, हे पाहणारी सांख्यिकी चाचणी) जोडून हा दोष दूर होत नाही. पॉडसाकॉफ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्येच तिच्या मर्यादा दाखवल्या आहेत. शाखेची कामगिरी शाखेच्या नोंदींतूनच घ्यावी.

तसे केल्यावर मात्र कामगिरीचे आकडे ३४० नव्हे, १२च उरतात आणि निष्कर्षही शाखांबद्दलच काढता येतो. समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीबद्दल बोलण्यातला धोका रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखवला. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जिथे जास्त, त्या राज्यांत निरक्षरता कमी आढळते (सहसंबंध उणे ०.५३), व्यक्तिनिहाय पाहिले, तर परदेशात जन्मलेल्यांमध्येच ती काहीशी जास्त होती (अधिक ०.१२). स्थलांतरितांचा ओढा मुळात अधिक साक्षर राज्यांकडे होता.

उत्तर ३
भारतातील कापड गिरण्यांवरील ब्लूम आणि सहकाऱ्यांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास जरूर वाचा. यादृच्छिकपणे निवडलेल्या गिरण्यांना पाच महिने सल्लागारांचे साहाय्य मिळाले, तर तुलनेसाठी घेतलेल्या गिरण्यांत केवळ एका महिन्याची पाहणी झाली. संशोधक अर्थशास्त्राचे, पण त्यांनी कापडातील दोष, सुताचा साठा आणि मागांवरचे उत्पादन मोजले. पहिल्या वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. असे मोजमाप कोणत्याही विद्याशाखेच्या परीक्षकासमोर ठेवता येते. तुमच्या शाखांना प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने मिळाले का, आणि तो क्रम कोणी, कशावरून ठरवला? तसे असेल, तर आधी प्रशिक्षण मिळालेल्या शाखांची तुलना तोवर न मिळालेल्या शाखांशी करता येईल. चांगल्या शाखांची निवड आधी झाली असेल, तर तुलना सुरुवातीपासूनच कललेली असेल.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. प्रशिक्षण तीन टप्प्यांत झाले आणि क्रम प्रशिक्षकांच्या उपलब्धतेनुसार ठरला, असे संस्थेकडून समजले. दुरुस्त कराव्या लागलेल्या व्यवहारांच्या मासिक नोंदी प्रत्येक शाखेत आहेत. शीर्षकातला ‘कामगिरी’ हा शब्द काढून मी ‘व्यवहारांतील चुका’ असे लिहिणार आहे. केवळ १२ शाखा पुरतील का?

उत्तर २
१२ शाखा कमीच आहेत, पण प्रत्येक शाखेच्या प्रशिक्षणापूर्वीच्या आणि नंतरच्या पुरेशा महिन्यांच्या नोंदी मिळाल्या, तर काम पुढे नेता येईल. प्रमाणत्रुटी (अंदाज किती अनिश्चित आहे, याचे माप) काढताना एकाच शाखेतील महिने परस्परांपासून स्वतंत्र मानू नका, आणि समूह, म्हणजे इथे शाखा, इतके थोडे असताना नेहमीचे सूत्र त्रुटी कमी दाखवते, हेही सांख्यिकीच्या जाणकाराकडून आधीच तपासून घ्या.