मदत हवी आहे: जि. प. शाळेचा विकास आराखडा करायचाय, पण खऱ्या गरजा ओळखायच्या कशा?

नमस्कार. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे, मुलगी तिथेच चौथीत शिकते. पहिली ते पाचवी, पट साठच्या आत, दोन शिक्षक. पट दरवर्षी थोडा थोडा घसरतोय आणि जी मुलं आहेत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना धड वाचता येत नाही. डिसेंबरअखेर आराखडा तयार करायचाय, म्हणून आत्ताच विचारतेय.

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २२ आणि त्याखालचे नियम यांनुसार हा आराखडा समितीने करायचा असतो: तीन वर्षांचा, त्यात तीन वार्षिक उपआराखडे. शासनाने अनुदान देताना तोच आधार धरायचा, असं कायदाच सांगतो. इतकं मोठं हत्यार हातात आहे आणि आमच्या फायलीतले जुने आराखडे ओळीने लावले तर सालाखेरीज काही बदललेलं दिसत नाही. संरक्षक भिंत, संगणक, रंगरंगोटी, खेळाचं साहित्य. यातलं काही नकोच असं माझं म्हणणं नाही. पण हे सगळं उद्या मिळालं तर मुलं वाचायला लागतील का? याचं उत्तर समितीत कुणाकडेच नाही.

दोन गोष्टी सांगते, म्हणजे माझी अडचण कळेल.

पाचवीतल्या एका मुलीने फळ्यावरचा उतारा वहीत मोत्यासारख्या अक्षरात उतरवला होता, एकही चूक नाही. तीच वही पुढे धरून "पहिली ओळ वाच" म्हटलं तर बोट पहिल्या शब्दावरच अडलं. सुटी अक्षरं ओळखते, जोडाक्षर आलं की थांबते. वही तपासणाऱ्याला ती हुशारच वाटणार. दुसरं मुलींच्या स्वच्छतागृहाचं. यू-डायसच्या (शाळांची माहिती दरवर्षी भरायची सरकारी नोंद) माहितीत ते "आहे". बांधकाम चांगलं आहे, पण टाकीपासून आत पाइपच आलेला नाही, म्हणून दाराला कुलूप. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात, काही जणी परत येत नाहीत. हजेरी सकाळीच लागलेली असते, त्यामुळे कागदावर त्या दिवसभर शाळेत.

तर विचारायचं हे, की शाळेला नेमकं काय हवंय ते शोधायची रीत काय? माहिती कुठून गोळा करायची, कुणाला काय विचारायचं, आणि दहा गरजा निघाल्या तर आधी कुठली धरायची? समितीतले बरेच पालक कमी शिकलेले आहेत, त्यांनाही यात खरोखर सामील करायचंय, नुसत्या सह्यांपुरतं नाही.

शिक्षिका, द्विशिक्षकी शाळा

ताई, एक विनंती. सुरुवात करण्याआधी तुमच्या दोन्ही शिक्षकांना घेऊन बसा. पालक वह्या आणि हजेरी बघायला लागले की आम्हाला ती तपासणीच वाटते, मग माणूस झाकाझाक करतो. "मुलांना काय येतं ते आपण मिळून बघू" असं म्हणून आलात तर वर्गातली माहिती तेच आपणहून देतील. जोडाक्षराशी कोण अडतं हे त्यांना तोंडपाठ असतं.

निवृत्त केंद्रप्रमुख

ताई, तुमच्या दोन उदाहरणांतच अर्धं उत्तर आहे. आधी मागणी आणि गरज वेगळी करा. संगणक ही मागणी झाली. "पाचवीतल्या मुलांना परिच्छेद वाचता यायला हवा, इतक्यांना येत नाही" ही गरज. गरज नेहमी मुलापासून सुरू होते, वस्तूपासून नाही.

पहिलं काम म्हणजे प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला लावणं. 'असर' सर्वेक्षणात (गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासणारी पाहणी) वापरतात तशी साधी पट्टी घ्या: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. तोंडी आणि एकेकाची चाचणी असल्यामुळे नक्कल करून लिहिणारं मूल लगेच लक्षात येतं. तुमच्या पटाला यात फार वेळ जाणार नाही, आणि ज्या पालकाला वाचता येतं तो थोडं समजावून दिल्यावर हे करू शकतो. पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे गुण शिक्षकांकडे असतातच, ते शेजारी मांडा. दोन्हींत तफावत दिसली तर तिथेच थांबून बोला.

मग हजेरी. वर्षाची सरासरी काढू नका, तिच्यात सगळं बुडून जातं. महिन्यागणिक मांडा, आणि एक आठवडा मधल्या सुट्टीनंतर पुन्हा डोकी मोजा. मुलींचा प्रश्न आकड्यात येईल.

तिसरी गोष्ट सहसा कुणी बघत नाही, ती म्हणजे शिकवायला मिळालेला वेळ. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास हवेत. दोन शिक्षकांच्या शाळेत एक प्रशिक्षणाला किंवा बैठकीला गेला की उरलेला पाचही इयत्ता सांभाळतो, म्हणजे त्या दिवशी शिकवणं जवळपास होतच नाही. हालचाल नोंदवहीतून (शिक्षक कामासाठी बाहेर गेल्याची नोंद) असे दिवस काढा. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही, त्यामुळे हा आकडा वर मांडायला संकोच नको.

एवढं जमलं की भिंतीवर मोठा कागद लावा आणि प्रत्येक अडचणीला "का" विचारत जा. वाचता येत नाही, का? दुसरीत जोडाक्षरं पक्की झाली नाहीत. का? त्या वर्षी मूल चार महिने शाळेत नव्हतं. का? आईवडील ऊसतोडीला गेले होते. इथपर्यंत पोचलात की उपाय संगणक नाही हे कुणालाही दिसतं. ज्यांना लिहिता येत नाही ते पालक या बैठकीत सगळ्यात उपयोगी पडतात, कारण शेवटच्या दोन "का"ची उत्तरं त्यांच्याकडेच असतात.

गरजा निवडताना तीनपेक्षा जास्त धरू नका. शाळासिद्धीत, म्हणजे शाळेने स्वतःचं मूल्यमापन करायच्या सरकारी चौकटीत, सात क्षेत्रं आणि ४६ मानकं आहेत. त्या कामासाठी ती चांगली, पण सगळी एका वर्षात सुधारू म्हणणारा आराखडा कुणाच्याच कामाचा नसतो.

धागाकर्ती

सर, शिक्षिका ताई, मनापासून आभार. ऊसतोडीचं आमच्याकडेही आहे, दिवाळीच्या आसपास मुलं जातात ती पार उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. पण हे शाळेच्या हाताबाहेरचं आहे, ते आराखड्यात कसं लिहायचं? आणि पैशाचं काय?

निवृत्त केंद्रप्रमुख

स्थलांतर थांबवणं हाताबाहेर आहे, पण मूल मागे ठेवणं तितकं नाही. जाणाऱ्या कुटुंबांची यादी दसऱ्याआधी करा. आजीआजोबांकडे मूल राहू शकत असेल तर हंगामी वसतिगृहाचा (आईवडील परतेपर्यंत मुलांची गावातच सोय) प्रस्ताव वेळेत द्या. जे जाणारच, त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखल होता येतं. परत आलेल्या मुलाला थेट इयत्तेच्या पुस्तकाला जुंपू नका. रोज एक तास सगळ्या मुलांचे वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करा, इयत्ता बाजूला ठेवून. दोन शिक्षकांना पाच इयत्तांपेक्षा दोन-तीन गट सांभाळणं सोपं जातं.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानात ३१ ते १०० पटाला वर्षाला २५,००० रुपयांची तरतूद आहे, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. पाइप तिथून बसवा. कमी पडले तर ग्रामपंचायतीकडे जा, वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेचा राखीव वाटा असतो. वाचनाच्या तासाला तर पैसा लागतच नाही, तरी तो आराखड्यात पहिल्या ओळीला लिहा. प्रत्येक गरजेपुढे कारण, उपाय, कोण करणार आणि पुन्हा कधी तपासणार एवढं असू द्या. इयत्तावार अपेक्षित पट आणि जादा शिक्षकांची गरज यांचे रकाने असतातच, ते रिकामे सोडू नका.

धागाकर्ती

पाइपचं या महिन्याच्या बैठकीत घेतेच. एकच राहिलं. ज्यांनी मुलं काढून खासगी शाळेत घातली त्यांनाही विचारायचंय, पण "का काढलं" म्हटलं की सगळे "इंग्रजीसाठी" एवढंच सांगतात.

शिक्षिका, द्विशिक्षकी शाळा

ताई, "का" विचारूच नका. "काढायचं कधी ठरवलं आणि त्याच्या आधी काय झालं होतं" असं विचारा. माझ्या शाळेतल्या एका आईने तेव्हा सांगितलं, की मुलगा तिसरीत गेला तरी दुकानाची पाटी वाचेना, त्या दिवशी ठरवलं. एक मात्र करा, विचारायला शिक्षकांना पाठवू नका. समितीतल्या बायकांनी जा.