मदत हवी आहे: उबुंटूचा कर्नल बदलल्यावर ग्राफिक्स ड्रायव्हरचं मॉड्यूल बिल्ड होत नाही

नमस्कार मंडळी,

मी नारायण पेठेत राहतो, गणपतीच्या देखाव्यांचे थ्रीडी आराखडे ब्लेंडरमध्ये करून देतो. उबुंटू २२.०४ (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम), ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, एनव्हिडिया ड्रायव्हर ५३५. अपडेटमध्ये कर्नल (सिस्टमचा गाभा) ६.२ वरून ६.५ वर गेला आणि रीस्टार्ट केल्यावर दुसरा मॉनिटर बंद. रेंडरिंगला कार्ड दिसतच नाही.

नव्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बिल्ड करायला लागणाऱ्या फाइल्स) आहेत, ते आधी तपासलं. डीकेएमएस, म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) बिल्ड करणारं साधन, त्याच्या स्टेटसमध्ये मात्र ५३५ समोर फक्त ६.२ आहे. बिल्डची नोंद असलेला मेक डॉट लॉग उघडला, तर 'एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट' हा ऑप्शन कंपायलरला ओळखता येत नाही, तिथेच बिल्ड थांबलंय. प्रोकमधल्या व्हर्जन फाइलनुसार कर्नल जीसीसी (कंपायलर) १२ वर बनलाय आणि माझ्याकडे ११ आहे.

अख्ख्या मशीनचा जीसीसी बदलायचा नाही, बाकीचं सगळं ११ वर नीट चालतंय. सिक्युअर बूटही (डिजिटल सही नसलेली मॉड्यूल्स रोखणारी सुरक्षा) बंद करायचं नाही. काय करू? तूर्त ग्रबमधून (सुरू होताना दिसणाऱ्या मेनूतून) जुना ६.२ निवडून काम रेटतोय, पण त्याला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, ही मोठी काळजी आहे. मंडळाची बैठक रविवारी आहे आणि कार्यकर्ते माझ्या भरवशावर आहेत.

प्रतिसाद:

दादा, कारण तुम्ही बरोबर शोधलंत. तो ऑप्शन जीसीसीत १२ पासूनच आहे. पण तुम्हाला मॉड्यूल बिल्ड करायची गरजच नाही! उबुंटू आपल्या कर्नलसाठी तयार, सही केलेली मॉड्यूल्स देतं. 'लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया-५३५-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४' हे पॅकेज टाका आणि मग 'एनव्हिडिया-डीकेएमएस-५३५' काढा. काढताना एपीटी (पॅकेजेस टाकणारं-काढणारं साधन) दाखवतं ती यादी नीट वाचा. त्यात 'एनव्हिडिया-ड्रायव्हर-५३५' दिसलं तर 'नाही' म्हणा आणि यादी इथे टाका. सही उबुंटूची असल्यामुळे सिक्युअर बूट चालू राहू दे, स्वतःची की (सही तपासायची किल्ली) नोंदवावी लागत नाही. पुढचा कर्नल आला की त्याचं मॉड्यूलही याच पॅकेजमार्फत येतं.

कधी स्वतः बिल्ड करावंच लागलं, तर जीसीसी १२ शेजारी बसवा, अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज या कमांडने तेवढ्यापुरता तो निवडा, डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल चालवा आणि परत ११ वर या. तेव्हा मात्र स्वतःची की नोंदवावी लागेल.

नवा कर्नल दोन्ही मॉनिटरवर नीट चालेपर्यंत जुना ६.२ काढू नका.