जुन्या मॅकवरून मिंटवर भजनं नेताना फाइली दोनदा दिसतात, काय करू?

कणकवलीची_लेक
बाबांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी डिजिटल करतेय. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ वेव्ह, म्हणजे 90 मिनिटांची कॅसेट साधारण दीड जीबी. रेकॉर्डिंग लिनक्स मिंट असलेल्या कॉम्प्युटरवर करते, खरखर काढते जुन्या आयमॅकवर (त्यावर एल कॅपिटन ही मॅकची जुनी सिस्टीम आहे). साफ झालेल्या 160 जीबी फाइली परत मिंटवर त्याच फोल्डरात एससीपीने (नेटवर्कवरून फाइली पाठवणारी कमांड) पाठवतेय. लाइट गेली की राउटर बंद पडतो आणि मग पुन्हा पहिल्या फाइलीपासून सुरुवात.

त्यात आता ‘दुसऱ्या दिवसाचा काला’ ही फाइल मिंटवर दोनदा दिसतेय. नाव तंतोतंत तेच! ‘वारकऱ्यांची दिंडी’चंही तसंच. ‘रूपाचा अभंग’ मात्र एकदाच. यातली कुठली ठेवू? बाबांचा आवाज आता एवढ्यातच आहे, म्हणून हात लावायला भीती वाटते.

सह्याद्रीपुत्र
राउटर मधून काढूनच टाका. दोन्ही मशीनना सरळ लॅनची केबल जोडा. गिगाबिट आहे, वायफायपेक्षा कितीतरी लवकर होईल.

टर्मिनलवाला
ताई, आधी एससीपी थांबवा आणि एकही फाइल उडवू नका.

नावं सारखी दिसतात, पण सारखी नाहीत. घोळ ‘ऱ’चा आहे. मिंटवर टाइप केलेला ऱ हे युनिकोडमधलं एकच अक्षर, 3 बाइटचं. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलसिस्टीम नाव साठवतानाच त्याचे दोन तुकडे करते, साधा र आणि त्याखाली नुक्ता (खालचा टिंब), मिळून 6 बाइट. लिनक्स नावं बाइटनुसार जुळवतं, म्हणून त्याच्या लेखी या दोन वेगळ्या फाइली.

आता नीट ऐका. या घोळामुळेच ‘दुसऱ्या’ आणि ‘वारकऱ्यां’ची मूळ रेकॉर्डिंग्ज वाचली आहेत. ‘रूपाचा अभंग’मध्ये ऱ नाही, त्यामुळे साफ केलेली फाइल मूळ फाइलीवर जाऊन बसली. त्या कॅसेटी जपून ठेवा, पुन्हा वाजवाव्या लागतील. खरखर काढताना आवाजाचाही थोडा भाग जातोच, उद्या याहून चांगलं सॉफ्टवेअर येईल तेव्हा मूळच लागेल.

म्हणून मिंटवर ‘साफ’ नावाचं नवं, रिकामं फोल्डर करा आणि तिथे आरसिंक या प्रोग्रॅमने पाठवा. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 साली ते काढलं, तेच मुळी संथ लाइनवरून फक्त फरक पाठवता यावा म्हणून. एल कॅपिटनबरोबर येणारं आरसिंक 2.6.9 आहे, ते चालणार नाही. नावं बदलून पाठवणारा आयकॉन्व्ह पर्याय 3.0 पासून आला. मॅकपोर्ट्समधून (मॅकवर असे प्रोग्रॅम बसवायची सोय) नवं बसवा, मिंटवर आरसिंक आहे ना तेही बघा.

कमांड मॅकवरून द्यायची. आरसिंक, वजा ए, वजा मोठा पी, मग दोन वजा लावून आयकॉन्व्ह, बरोबरचं चिन्ह, यूटीएफ-8-मॅक, स्वल्पविराम, यूटीएफ-8. पुढे मॅकवरचं फोल्डर, शेवटी मिंटवरच्या ‘साफ’चा पत्ता. यूटीएफच्या जोडीत आधी आपल्या बाजूचं, मग पलीकडचं, हा क्रम उलटू नका. मॅकवरच्या फोल्डरच्या नावाअखेर तिरपी रेघ हवी, नाहीतर ‘साफ’च्या आत आणखी एक फोल्डर तयार होतं. मोठ्या पीमुळे लाइन तुटली तरी अर्धी फाइल राहते. तीच कमांड परत द्या, झालेल्या फाइली सोडून ते पुढे जातं.

कणकवलीची_लेक
दादा, केबल लावून केलं. ‘साफ’मध्ये प्रत्येक नाव एकदाच आहे! ‘रूपाचा अभंग’ची कॅसेट माळ्यावर आहे, फीत शाबूत आहे. आता जुन्या फोल्डरातल्या त्या जोड्यांमधली साफ केलेली कशी ओळखू?

टर्मिनलवाला
जिच्या नावात नुक्ता आहे ती मॅकवरून आलेली. टर्मिनलात फाइलींची यादी ग्रेपला (मजकूर शोधणारी कमांड) द्या आणि नुसता नुक्ता शोधायला सांगा. पण त्या काढण्याआधी वरच्याच कमांडला वजा सी, वजा एन आणि वजा व्ही जोडून चालवा. सीमुळे प्रत्येक फाइल आतून वाचून ताडली जाते, एनमुळे काहीही बदलत नाही, व्हीमुळे नावं दिसतात. एकाही वेव्ह फाइलीचं नाव आलं नाही तरच पुढचं.

पुणे52
मंडळातल्या कुणाला बाहेरगावी एखादी फाइल द्यायची झाली तर क्रॉक हा फाइल पाठवायचा प्रोग्रॅम बघा. पाठवणाऱ्याला एक कोड मिळतो, तो फोनवर सांगायचा. मॅजिक वर्महोलही असंच चालतं, पण मध्येच तुटलं तर ते पुन्हा पहिल्यापासून, क्रॉक राहिलेलं पुढे नेतं. दीड जीबीला हा फरक मोठा आहे.