बँकॉकच्या हिशेबात राहिलेले दोन खड्डे
चार दिवसांचं बँकॉक, दोघांचा खर्च किती, ह्यावर एकाने मांडलेला हॉटेल-जेवणाचा हिशेब वाचला, पटला. पण दोन खड्डे राहिलेत.

पहिला एटीएमचा. परदेशी कार्डाला तिथल्या बँका दर वेळी २२० बाटच्या (बाट म्हणजे तिथलं चलन) आसपास कापतात, हजार काढा नाहीतर दहा हजार. आम्ही हौसेने थोडे थोडे करत तीनदा काढले आणि साडेसहाशेच्या वर बाट नुसते हवेत! काय ते एकदाच काढा. मशीन 'रुपयांत रूपांतर करू का' विचारेल, तिथे चक्क नाही म्हणा. तो दर महागात पडतो.

दुसरा तिकिटांचा. ग्रँड पॅलेस, म्हणजे राजवाडा, माणशी ५०० बाट, वाट फो हे देऊळ ३००. नदीपलीकडच्या वाट अरुण देवळाला नेणारी होडी मात्र जेमतेम ५ बाटची. पॅलेसमध्ये हाफपँट चालत नाही. आमच्या ह्यांनी ऐकलं नाही, मग दारासमोरच हत्ती छापलेला पायजमा घ्यावा लागला. आता तो घालून कुंड्यांना पाणी घालतात.

सुवर्णभूमी विमानतळावरून शहरातल्या फाया थाई स्टेशनपर्यंत रेल लिंक ट्रेन ४५ बाट. सामान कमी असेल तर टॅक्सीच्या नादी लागूच नका. आणि 'आज पॅलेस बंद आहे' अशी थाप मारणारा टुकटुकवाला (तिथला रिक्षावाला) भेटला तर न थांबता पुढे चालायचं.