रुंदीआधी रबर आणि रिम पाहा

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मूळ २४५/४० आर १८ (२४५ मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिमचा व्यास १८ इंच) ऐवजी २६५ रुंदीचे टायर घ्यावेत का, या प्रश्नाची चर्चा रुंदीभोवतीच फिरते आहे. माझ्या मते पकड ठरवण्यात रबराच्या मिश्रणाचा वाटा रुंदीपेक्षा मोठा असतो. उन्हाळी परफॉर्मन्स टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागते, त्यामुळे थंडीतही गाडी रोज काढणार असाल तर तो पर्याय, कितीही महाग असला तरी, निरुपयोगी आहे.

रुंदी वाढवायचीच असेल तर आधी रिम मोजावी, कारण २६५/३५ ला साधारणपणे किमान ९ इंच रुंद रिम लागते आणि अरुंद रिमवर टायरची बाजू फुगून वळणावरचा प्रतिसाद उलट मंदावतो. २६५/४० घेतल्यास व्यास १६ मिलिमीटरने वाढतो, तर २६५/३५ मध्ये तो सुमारे १० मिलिमीटरने घटतो. स्पीडोमीटरवर याचा परिणाम होतोच. शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, ही बाब विक्रेते क्वचितच सांगतात.

भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलू शकतो हे दाखवणारा त्यावरचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नसावा. बाजूवरील उत्पादनाचा चार अंकी आकडाही वाचावा: ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.