मुंबई सिटीचा बेंच यंदा पुरेल का? अपुया गेला, त्याच्या जागी नक्की कोण?

निळी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. 13 सप्टेंबर 2024 ला कोलकात्यात सॉल्ट लेकवर आपल्या मुंबई सिटीची मोहन बागानशी आयएसएलची (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) पहिली मॅच आहे आणि माझ्या डोक्यात एकच विषय घोळतोय, आपला बेंच, म्हणजे राखीव खेळाडू, या सीझनला पुरणार का. काल जेवण झाल्यावर मुलीच्या जुन्या वहीचं मागचं पान घेतलं आणि प्रत्येक जागेपुढे दोन नावं लिहायला बसलो, खेळणारा कोण आणि तो नसला तर कोण. गोलकीपरला लाचेन्पा, त्याच्यामागे रेहेनेश, झालं. लेफ्ट बॅकला आकाश मिश्रा आणि साहिल पनवार. विंगवर छांगते, बिपिन, विक्रम, तिथे तर नावं जास्त आणि जागा कमी. पण मिडफिल्डला आलो आणि पेन्सिल थांबली. अपुयाच्या जागी पहिलं नाव काय लिहायचं तेच कळेना, दुसरं तर लांबच राहिलं.

गेलेले बघा ना, अपुया मोहन बागानला, भेके, नोगेरा आणि डियाझ तिघेही बंगळूरूला, इकेर परत गोव्याला, नवाझ चेन्नईयनला. मे महिन्यात कप उचलणाऱ्या टीमचा कणाच निघून गेल्यासारखं वाटतंय. आलेत पण बरेच, ब्रँडन, टोराल, मन्झोरो, करेलिस, क्रोमा. कागदावर आकडा जुळतो. पण 1 ऑगस्टला डुरंड कपमध्ये केरळा ब्लास्टर्सने आपल्याला 8-0 हाणलं ते पाहून रात्रभर झोप लागली नव्हती, रिझर्व्हची पोरं होती मान्य आहे, पण उद्या चार जण जखमी झाले तर हीच पोरं मैदानात उतरणार ना? तर सांगा, बेंच किती खोल आहे हे तुम्ही कसं मोजता, आणि यंदा तुम्हाला काय वाटतं.

कुपरेज_कट्टा

दादा, वही काढलीत हे बेस्ट केलंत, पण एक रकाना कमी पडलाय तुमचा. प्रत्येक नावापुढे देशी की परदेशी ते लिहा, मग खरं चित्र दिसेल. आयएसएलमध्ये यंदा परदेशी सहा घेता येतात पण मैदानावर एका वेळी चारच. आपले सहा कोण, तिरी, क्रोमा, व्हॅन नीफ, टोराल, मन्झोरो, करेलिस. आता खेळवून बघा. तिरी आणि करेलिस तर हवेतच, एक मागे एक पुढे. राहिल्या दोन जागा आणि उमेदवार चार. मेहताबला काही झालं आणि क्रोमाला तिरीशेजारी उतरवावं लागलं की लगेच मिडफिल्डमधला एक परदेशी बाहेर बसवायला लागतो, म्हणजे स्टॉपर (मधला डिफेंडर) जखमी झाला आणि भोक पडलं मिडफिल्डला. भेके होता तेव्हा ही भानगडच नव्हती कारण तो आत आला तरी परदेशी कोट्याला धक्का लागत नव्हता. म्हणून मला अपुयाइतकंच भेकेचं जाणं लागलंय, त्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

मी स्वतः अंडर-16 ची पोरं शिकवतो आणि गेल्या वर्षी हेच भोगलंय, 18 पोरं होती लिस्टमध्ये, पण डाव्या पायाचा पोरगा एकच, त्याचा घोटा मुरगळला आणि पुढच्या तीन मॅच आम्ही उजव्या पायाच्या पोराला तिकडे खेळवलं, बिचारा दर वेळी बॉल आत वळवायचा आणि समोरचे वाट बघतच उभे असायचे. लिस्ट 18 ची होती पण खरं सांगायचं तर आम्ही 11 जण आणि सात प्रेक्षक होतो.

अकरातले सात तरी भारतीय असणारच. तेव्हा भारतीय खेळाडूंची दुसरी फळी कशी आहे ते बघा, बेंच तिथेच मोजायचा.

म्हापसेकर

मी एफसी गोवाचा माणूस, तरी ब्रँडनचं नाव आलं म्हणून लिहितोय. 2017 पासून त्याला फातोर्ड्याला बघत आलोय, कॉर्नर घ्यायला तो झेंड्यापाशी गेला की आमचा अख्खा स्टँड उठून उभा राहायचा. पास देणारा असा भारतीय मिडफिल्डर फार कमी. पण तो अपुया नाही रे बाबांनो, आणि त्याला अपुया समजून खेळवलंत तर त्याच्यावर अन्याय होईल. अपुया बॉल हिसकावून घेतो, ब्रँडनला बॉल आणून द्यावा लागतो. अपुयाचं एक बघितलंत का कधी, पास पायाशी यायच्या आधी तो दोन्ही खांद्यांवरून एकेकदा मागे बघून घेतो, मग पहिल्याच टचला वळलेला असतो, त्यामुळे मागून दाबायला येणारा नेहमी अर्धं पाऊल उशिरा पोचतो. हे ब्रँडनचं काम नव्हे, तो त्या पासच्या पुढच्या टोकाला उभा असायला हवा. शिवाय दुखापतींमुळे आमच्याकडे तो बऱ्याच मॅचना बाहेर बसलाय, त्यामुळे 24 च्या 24 मॅच तो खेळेल असं धरून चालू नका. त्याच्यासाठी पण दुसरं नाव लिहून ठेवा.

बाकी तुमच्याकडे आलाय तर त्याला जपा एवढंच.

गेट_नंबर_4

माझं मत वेगळं आहे आणि जरा मोठं होईल. दरवर्षी ऑगस्टमध्ये आपण हेच रडतो. मागच्या सीझनला काय झालं आठवा, नोव्हेंबरमध्ये कोच बकिंगहॅम ऑक्सफर्डला गेला, त्याच्या जागी क्रॅटकी मधूनच आला, जानेवारीत स्टुअर्ट गेला, एएफसी चॅम्पियन्स लीगच्या सहाच्या सहा मॅच हरलो, आणि तरी लीगमध्ये शेवटच्या दिवसापर्यंत शिल्डच्या (लीगमध्ये पहिला येणाऱ्याची ट्रॉफी) शर्यतीत होतो, बागान 48 आणि आपण 47, एका पॉइंटने गेली. मग कपच्या सेमीफायनलला गोव्यात 90 मिनिटं होईपर्यंत 2-0 मागे आणि शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल, छांगते, विक्रम, परत छांगते. फायनलला बिपिनने 81व्या मिनिटाला पुढे नेलं आणि अगदी शेवटी बेंचवरून आलेल्या वोयतुशने तिसरा मारला. ज्या टीमचा बेंच पोकळ असतो ती टीम 90व्या मिनिटाला अशी पळू शकते का?

आणि डुरंडच्या त्या 8-0 वरून काही ठरवू नका प्लीज. तिथे एकही सीनियर शेजारी नसताना पोरांना एकदम उतरवलं, समोर नोआ आणि पेप्रासारखे परदेशी, दोघांनी हॅटट्रिक मारली. तोच पोरगा एका बाजूला तिरी आणि दुसऱ्या बाजूला मेहताब असताना 20 मिनिटं खेळला तर वेगळाच दिसतो. पाच बदल करता येतात, तेव्हा पोरं आत येतील ती एकेकटी येतील, अकराजण एकदम नाही.

निळी_डोंबिवली

म्हापसेकर, मनापासून थँक्यू, तुमच्या टीममधून गेलेल्या माणसाबद्दल इतकं आपुलकीनं लिहिलंत.

गेट नंबर 4, डुरंडचं पटलं, तो मुद्दा मी मागे घेतो. पण मागच्या सीझनचंच घेताय तर 20 डिसेंबर पण घ्या. मी त्या दिवशी अंधेरीला होतो मुलीला घेऊन, बागानविरुद्ध, मॅच जेमतेम सुरू झाली तर आकाशला रेड, नंतर त्यांचे दोन गेले, मग स्टुअर्ट, आणि शेवटची शिट्टी वाजल्यावरही कार्डं निघतच होती, आपले विक्रम आणि भेके आणि त्यांचा अजून एक पण गेला. दोन्ही टीमची मिळून सात रेड. जिंकलो 2-1, घसा बसेपर्यंत ओरडलो आम्ही, आणि ट्रेनमध्ये मुलगी बोटं मोजत होती, बाबा, आपले चार जण पुढच्या मॅचला नाहीत ना मग कोण खेळणार. चारच दिवसांनी कोचीला गेलो आणि 2-0 हरलो. आणि शिल्ड गेली एका पॉइंटने. कोचीतून एक पॉइंट जरी आणला असता तर... हे मी अजून विसरू शकत नाही. कप जिंकलो त्याचा आनंद आहेच, पण 24 मॅचच्या लीगमध्ये अशा चार-पाच संध्याकाळी येतातच, चार यलो झाली की एक मॅच बाहेर बसावं लागतं ते वेगळं. त्या संध्याकाळी कोण उभा राहतो ते मला बघायचंय.

कुपरेज, तुम्ही म्हणालात तसा देशी-परदेशीचा रकाना घातला. व्हॅन नीफ खेळत नसेल त्या दिवशी होल्डिंगला (डिफेन्सच्या पुढे राहून बॉल हिसकावणारा मिडफिल्डर) भारतीय नाव शोधलं, मला खात्रीचं एकही सापडलं नाही. जयेश राणे पळतो जीव तोडून, मुंबईचा पोरगा आहे, पण तो पुढे जास्त शोभतो. करेलिसच्या मागे डॅनी आणि आयुष छिकारा लिहिलेत. डॅनी अनुभवी आहे, आयुषकडून मला खूप आशा आहे, पण डियाझसारखं स्टॉपरला पाठीवर घेऊन बॉल धरून ठेवणं दोघांचाही खेळ नाही.

कुपरेज_कट्टा

बरोबर पकडलंत. व्हॅन नीफ ही आपली सगळ्यात नाजूक जागा. तो फिट असेल तोवर त्याच्यापुढे ब्रँडन आणि एक परदेशी असं चालून जाईल, तो बसला तर मन्झोरोला खाली ओढावं लागेल आणि मग त्याचे ते लांबून मारलेले शॉट विसरा. टोराल बार्सिलोना आणि आर्सेनलच्या अकॅडमीत तयार झालाय, बॉल सोडतो छान, पण होल्डिंगची घाण कामं त्याच्याकडून करून घेणं मला पटत नाही. मी कोच असतो तर जानेवारीची ट्रान्सफर विंडो उघडेपर्यंत एका भारतीय पोराला या जागेसाठी ठरवून तयार केलं असतं, अंधेरीच्या मॅचमध्ये आपण दोन गोलांनी पुढे असू तेव्हा शेवटची 15 मिनिटं त्यालाच, दर वेळी तोच. पोरगं असंच तयार होतं, दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

गेट_नंबर_4

हे मात्र मान्य, होल्डिंगला एक भारतीय कमी आहे. विंगवर आणि मागे मला काळजी नाही. 13 तारखेला अपुया आणि स्टुअर्ट दोघेही समोरच्या जर्सीत दिसणार, ते बघवणार नाही पण बघणार.

निळी_डोंबिवली

70व्या मिनिटाला क्रॅटकी व्हॅन नीफला काढतो का आणि काढलं तर कोणाला आणतो, मी तेवढंच बघणार आहे. वहीत ती जागा कोरी ठेवलीय, मुलीने तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय. मॅच झाली की इथेच येऊन लिहितो.